अण्णांचं चार वाजताचं गाव

अण्णा शेलार माणसासाठी गाडी थांबवत नसत; मुंगसासाठी थांबवत.

मुंगूस रस्त्यात आडवं गेलं की करकचून ब्रेक. मग इंजिन बंद. मग खाली उतरायचं, डोक्यावरची गवती टोपी काढायची आणि झुडपात नाहीशा होणाऱ्या शेपटीला विचारायचं, "काय गाववाले, बरं चाललंय ना?" मागे गाड्यांची रांग लागायची. मी हे पहिल्यांदा पाहिलं ते विमानतळावरून घरी जाताना. त्यांचा डावा पाय प्लास्टरमध्ये होता, तरी स्वतः गाडी घेऊन मला न्यायला आले होते. "ऑटोमॅटिक गाडीला उजवाच पाय लागतो," म्हणाले, "डावा नुसता सोबतीला असतो." तो सोबतीचा पाय आणि कुबडी सावरत ते उतरले, मुंगसाची खुशाली विचारून आले. तोवर मागच्या ट्रकमधला माणूस निवांत संत्रं सोलून खात बसला होता. बेटाला सवय होती.

मला नव्हती. मी दोन्ही हातांनी सीट धरून बसले होते. गाडी अमेरिकेची, म्हणजे स्टिअरिंग डावीकडे, आणि गाड्या मात्र आपल्याकडच्यासारख्या रस्त्याच्या डाव्या अंगाने चालायच्या. त्यामुळे शेजारी बसणाऱ्याचं तोंड थेट समोरून येणाऱ्या ट्रकच्या तोंडाशी.

"अण्णा, इथे असं का?" मी डोळे मिटूनच विचारलं.

"पूर्वी गाढवं या बाजूने चालायची म्हणून, असं लोक सांगतात," अण्णा म्हणाले. "पण पुरावा नाही."

हा त्यांच्या तोंडून ऐकलेला पहिला 'पुरावा'. पुढे तो दिवसातून इतक्या वेळा ऐकला की मला झोपेतही कुणीतरी पुरावा मागतंय असं वाटायचं.

मी तिथे कशी गेले ते सांगते. माझी शाळा सातवीत सुटली. आईच्या आजारपणात धाकट्या भावंडांचं करायला घरात कुणी नव्हतं. पुढे ती भावंडं आपापल्या मार्गाला लागली आणि मी तिशी ओलांडून कऱ्हाडजवळच्या आमच्या घरात तशीच राहिले. तेव्हा माझी मावसबहीण नलूताई हिने मला अमेरिकेत, श्रूजबरीला नेलं. तिचे उपकार मी विसरणार नाही. तिची दोन मुलं सांभाळायची, स्वयंपाक करायचा, बर्फ पडायला लागला की खिडकीतून बघायचं. नलूताईचे यजमान श्रीकांत हे तिथे इंजिनिअर. अण्णा म्हणजे त्यांचे सख्खे काका. गुरांचे डॉक्टर. पन्नासच्या दशकात शिकायला अमेरिकेत आले आणि पुढे सरकारी नोकरीवर सेंट क्रॉय नावाच्या या बेटावर गेले. बेट अमेरिकेचंच, पण नकाशात खाली कॅरिबियन समुद्रात, जिथे थंडी म्हणजे काय हे विचारावं लागतं. अण्णा निवृत्त झाले तरी तिथेच राहिले. लग्न केलं नाही. का, असं कुणी विचारलं तर म्हणायचे, "लग्नाने माणूस सुखी होतो याला पुरावा मिळाला नाही. नाहीतर केलं असतं."

तर हे अण्णा ऊस पिळायच्या एका पडक्या पवनचक्कीच्या बुरुजावर चढले आणि खाली आले ते पाय मोडूनच. वयाच्या चौसष्टाव्या वर्षी बुरुजावर कशाला, तर वरच्या दगडाची जाडी बघायला. नलूताई मला म्हणाली, "विमल, दोन महिने जाऊन ये. इथे मी बघते कसंतरी." मी गेले. दोन महिन्यांचं वर्ष झालं आणि वर्षावरही काही महिने गेले.

तिथे पाण्याला नदी-विहीर काही नव्हती. छपरावर पडेल तो पाऊस घराखालच्या टाकीत साठवायचा आणि तोच पुरवायचा. अण्णा मोरीबाहेर कान देऊन बसायचे. "विमल, दुसरा तांब्या का?" "अण्णा, केस धुतेय." "केस धुतेस याला पुरावा?" मी ओले केस घेऊन बाहेर यायचे. मग ते खूश. चहातही तेच. साखर घातली म्हटलं तर ते चमचा बघायचे, ओला आहे की कोरडा.

मी आधीच भित्री. इंग्रजी येत नव्हतं, त्यात हा माणूस. पहिल्याच आठवड्यात पाव आणायला बेकरीत गेले आणि घाबरून थेट पावाकडे बोट दाखवलं. काउंटरवरच्या बाईने माझ्याकडे पाहिलं, न पाहिल्यासारखं केलं आणि माझ्या मागच्या चौघांना पाव देऊन टाकला. मी रडकुंडीला येऊन गाडीत बसले. म्हटलं, "आपण काळे म्हणून पाव देत नाहीत."

अण्णा इतके हसले की प्लास्टर सीटवर आपटलं. "अगं, ती तुझ्या-माझ्यापेक्षा काळी आहे! आत गेल्यावर गुड मॉर्निंग म्हणालीस का?"

"पाव घ्यायला?"

"देवळात शिरल्यावर आधी घंटा वाजवतेस की नाही? इथे आधी गुड मॉर्निंग. दुपारी गुड आफ्टरनून. त्याशिवाय इथे आगसुद्धा कुणी विझवणार नाही. जा परत."

परत गेले. दारातूनच म्हटलं. त्या बाईसकट आतल्या सगळ्यांनी एका सुरात उलट गुड मॉर्निंग म्हटलं आणि बाईने मला पाव दिला, वर एक गोड बनही. श्रूजबरीत माझ्याशी दोन वर्षांत एवढी माणसं कधी एकदम बोलली नव्हती. त्या दोन शब्दांवर मी त्या बेटावर जगले म्हटलं तरी चालेल.

अण्णांचा खरा धंदा मात्र इतिहास. मला इतिहासातलं काही कळत नाही. त्यांनी सांगितला तसा लिहिते, चुकला असेल तर माझ्या ऐकण्यात चूक. पूर्वी या बेटावर डेन्मार्कवाल्यांचं राज्य होतं. सगळीकडे ऊस. ऊस तोडायला आफ्रिकेतून धरून आणलेले गुलाम. गुलामी सुटली तशी मजूर मिळेनात, म्हणून एकदा हिंदुस्थानातून बोट भरून माणसं आणली. पाच वर्षांच्या करारावर. करार संपल्यावर बहुतेक परत गेली, थोडी राहिली, थोडी मेली. पुढे डेन्मार्कने बेटच अमेरिकेला विकून टाकलं. हे सगळं अण्णा सांगायचे ते आपल्या समोर कालच घडलंय अशा रागाने. "माणसांसकट विकलं! घर विकताना भाडेकरूला तरी विचारतात!"

आणि मुंगूस. उसातले उंदीर मारायला म्हणून ती आपल्या देशातून आणली. "पण हे शहाणे लोक एक गोष्ट विसरले," अण्णा सांगत. "उंदीर फिरतो रात्री, मुंगूस फिरतं दिवसा. दोघांची ड्यूटी वेगळी. शंभर वर्षं झाली, अजून गाठ नाही!"

थंडीच्या दिवसांत अमेरिकेतून ओळखीपाळखीची मराठी मंडळी बेटावर यायची आणि नलूताई त्यांना अण्णांचा नंबर द्यायची. बिचारे समुद्रात डुंबायला यायचे आणि अण्णांच्या तावडीत सापडायचे. एकदा जर्सी सिटीचं एक जोडपं आणि नोव्हाय नावाच्या गावचं एक जोडपं असे चौघे आले. अण्णांनी सकाळी आठ वाजता त्यांना गाडीत कोंबलं. पहिली पवनचक्की, दुसरी पवनचक्की, मग साखर उकळायची पडकी भट्टी, मग पिवळा किल्ला, मग तिसरी पवनचक्की. मी मागे डबे मांडीवर घेऊन.

"काका, बीचचा प्लॅन कॅन्सल केलाय का?" नोव्हायचा मुलगा अखेर म्हणाला. त्याच्या नाकावर पांढरं क्रीम लावलेलं वाळून चाललं होतं.

"बीच कुठे पळून चाललाय? लाखो वर्षं तिथेच आहे. हा दगड मात्र पुढच्या वादळात टिकेल का सांगता येत नाही. हात लाव त्याला."

त्याने मुकाट्याने दगडाला हात लावला. त्याच्या बायकोने फोटो काढला. तेवढ्यात जर्सी सिटीचे गृहस्थ, ते जरा सभेत बोलल्यासारखे बोलायचे, छाती काढून म्हणाले, "म्हणजे शेलारसाहेब, आपला मराठी माणूस तेव्हाच इथपर्यंत पोचला होता म्हणायचा! अभिमान वाटतो यार!"

अण्णा गर्रकन वळले. "पुरावा?"

"नाही, म्हणजे... हिंदुस्थानातून आले म्हणता ना?"

"बोट कलकत्त्याहून सुटली. माणसं तिकडच्या मुलखातली, बिहारबाजूची. मराठी एकही नाही. एकसुद्धा. आपण नव्हतो तिथे घुसायचं नाही, समजलं? इतिहास म्हणजे लग्नाचं जेवण नाही, कुणीही पाट मांडून बसायला."

गृहस्थांनी कॅमेरा पुसायला घेतला. पण त्यांची बायको हुशार. ती म्हणाली, "मग काका, मुंगूस तरी कुठलं? तेही तिकडचंच असणार. त्याला तुम्ही गाववाले कसं म्हणता?"

अण्णा टोपी डोक्यावर दाबत म्हणाले, "मुंगसाला जिल्हा नसतो."

असा माणूस. खोट्याचा एवढा तिटकारा की मी कधी "पोट भरलं" म्हटलं आणि नंतर केळं खाताना दिसले तर दिवसभर ऐकवायचे.

आता त्यांच्या चार वाजताबद्दल. रोज दुपारी तीनला ते स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभे राहायचे. "विमल, मक्याच्या पिठाच्या दोन भाकऱ्या टाक. आणि लसणाची चटणी. झणझणीत नको." भाकऱ्या फडक्यात बांधायच्या, कुबडी उचलायची, गाडी काढायची आणि पसार. पावणेसहाला परत. कुठे गेला होतात विचारलं तर "कामाला". कसलं काम, तर "इतिहासाचं". येताना चेहरा असा, की लहान मूल जत्रेतून आलंय. पाहुण्यांना घेऊन हिंडत असले तरी पावणेचारला त्यांना भर रस्त्यात समुद्राच्या दिशेने बोट दाखवून उतरवायचे.

नलूताईचा दर रविवारी फोन यायचा. मी एकदा हे तिला सांगितलं. पलीकडून हळू आवाजात, "विमल, बाई आहे का गं कुणी?"

"मला काय माहीत!"

"भाकरी नेतात म्हणजे बाईच असणार. पुरुषाला पुरुष भाकरी कशाला नेईल? बघून ठेव. आणि श्रीकांतला बोलू नकोस."

मी काही बघून ठेवलं नाही. आपण ज्याच्या आश्रयाने राहतो त्याच्या मागावर जाणं मला बरं वाटेना. पण भाकऱ्या थापताना मनात यायचंच, ही खाणारी कोण.

प्लास्टर निघालं. पाय जरा आखूड राहिला. आणि दोनच महिन्यांत अण्णा मोरीत पडले, नेमके त्याच पायावर. हाड वाचलं, पण डॉक्टरने गाडी बंद केली आणि श्रीकांतना फोन केला. श्रीकांतनी त्याच संध्याकाळी मला फोनवर सांगितलं, "विमल, आता पुरे झालं. काकांना इथे आणतो. खालची खोली त्यांच्यासाठी तयार करतोय. मी स्वतः येऊन नेईन, तोवर तू त्यांचं मन वळव. ते दुसऱ्या कुणाचं ऐकत नाहीत, तुझं थोडं ऐकतात."

ज्यांनी मला हा देश दाखवला त्यांनी एवढं एकच काम सांगितलेलं. मी जेवण वाढता वाढता सुरुवात केली. "अण्णा, श्रूजबरीत म्हणे खाली मोठी खोली आहे."

"थंडी आहे?"

"हीटर आहे."

"मुंगूस आहे?"

"खार आहे."

"खारीशी काय बोलणार," म्हणाले आणि भात कालवत राहिले. पण त्या दिवशी पुरावा काही मागितला नाही. कुबडीकडे पाहिलं, आपल्या पायाकडे पाहिलं. मग म्हणाले, "पोरी, त्याचंही बरोबर आहे. तू किती दिवस मला उचलणार?" त्यांचं मन वळत होतं आणि आनंद व्हायच्या ऐवजी मी त्यांच्या पानात न मागता भात वाढत राहिले.

दुसऱ्या दिवशी तीन वाजता ते दारात आले. भाकऱ्या झाल्या तरी हलेनात. अखेर म्हणाले, "गाडी बंद केलीय त्या गाढवाने. वरच्या गल्लीपर्यंत चालावं लागेल. खांदा देशील?"

चढ उभा होता. मध्ये मध्ये थांबत गेलो. गल्लीच्या टोकाला लाकडी सज्जाचं एक जुनं घर, पुढे चिंचेचं झाड, बाजूला शेळ्यांचं कुंपण. फाटकाशी अण्णा थांबले आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, "आत जे ऐकशील त्यात बोलायचं नाही."

सज्जात एक फार म्हातारी बाई वेताच्या खुर्चीत बसली होती. वर्ण सावळा-काळा, केस पांढरे पण सरळ, आमच्या गावाकडच्या कुठल्याही म्हातारीचे असावेत तसे. मिस ॲडेला. मी आधी गुड आफ्टरनून म्हटलं, तिने मान डोलावली. तिचं बोलणं त्या बेटाच्या इंग्रजीतलं, आता मला बरंच समजायचं; मी ते आपल्या भाषेत सांगते.

"डॉक्टर, उशीर केलास," ती म्हणाली. "आणि परवा तू तात्याला भोपळ्याच्या मळ्यात सोडून गेलास. मला तेव्हापासून झोप नाही. भोपळा कुणी चोरला?"

अण्णा खुर्चीत टेकले. "सांगतो. तात्या गुरव मळ्यातून आला तो नदीच्या बाजूने."

"नदीच्या बाजूने कसा येईल?" म्हातारी फटकन म्हणाली. "त्याचं घर देवळाच्या डावीकडे. नदी उजवीकडे. तूच सांगितलंस. माझ्या गावाची वाट मला शिकवू नकोस."

"चुकलं," अण्णा म्हणाले. अण्णा! चुकलं!

मी उभीच. मग तिने पाणी मागितलं. मी पेला दिला. तिने मान मागे टाकली, पेला वर उचलला आणि ओठ न लावता वरून धार तोंडात सोडली. एक थेंब सांडला नाही. अमेरिकेत येऊन मी असं पाणी पिणारं माणूस पाहिलं नव्हतं. मी स्वतःही लोकांत लाजून सोडून दिलं होतं.

"माझ्या आजाने शिकवलं," म्हातारी माझ्याकडे बघून म्हणाली. "आमच्या घरात सगळे असंच प्यायचे. शाळेत पोरं हसायची. आजा बोटीतून आला होता. डॉक्टरच्याच गावचा. तूही तिथलीच का?"

मी अण्णांकडे पाहिलं. ते सज्जाच्या कठड्याकडे बघत होते. कानाची पाळी लाल झालेली.

"हो," मी म्हटलं. "आमचं घर जरा खाली, नदीच्या वळणावर."

"बघ," मिस ॲडेला अण्णांना म्हणाली, "वळणावरच्या घराचं तू मला कधी सांगितलं नाहीस."

परत येताना अर्ध्या उतारावर एका दगडावर आम्ही बसलो. मी काही विचारलं नव्हतं. अण्णाच बोलायला लागले.

"नोकरीत असताना ही शेळी घेऊन दवाखान्यात आली होती. ऊन मी म्हणत होतं. पाणी दिलं, तर वरून प्यायली. मी म्हटलं, बाई, हे कुणी शिकवलं? म्हणाली, आजाने. कुठला आजा? म्हणाली, हिंदुस्थानातला, नदी होती, डोंगर होता, देऊळ होतं, एवढंच सांगायचा, गावाचं नाव घरात कुणाला आठवत नाही. आणि माझ्या तोंडातून निघून गेलं, बाई, मग तो माझ्याच गावचा." त्यांनी कुबडीचं टोक मातीत फिरवलं. "नदी, डोंगर आणि देऊळ कुठल्या गावाला नसतं? तो बिहारकडचा होता. मला पक्कं ठाऊक आहे. पण तिचा चेहरा असा झाला, की परत घेता येईना. दुसऱ्या दिवशी ती पुन्हा आली. शेळीला काहीच झालं नव्हतं. म्हणाली, देवळाचा रंग कुठला?"

मी म्हटलं, "तिला बरं वाटतं ना अण्णा. झालं तर."

"तिला?" अण्णा हसले. "माझं गाव धरणात गेलं, विमल. मी इथे गाईंना सुया टोचत होतो तेव्हा तिथे पाणी चढत होतं. मला कळलं तेव्हा सगळं संपलं होतं. मी ते बुडताना पाहिलं नाही, म्हणून माझ्या डोक्यात अजून कोरडं आहे. उठून गेलेले कुठे कुठे पांगले, म्हातारे वारले. माझा भाऊ आधीच पुण्याला गेलेला, श्रीकांत तिथलाच. आमच्या घराच्या पायऱ्या किती उंच होत्या हे मला आजवर एका माणसाने विचारलं नाही. या बाईने विचारलं. खोटं बोलून मिळवलीय, पण जगात आमच्या गावची एवढी एकच बाई उरलीय."

खाली बंदरावर दिवे लागायला लागले होते. आम्ही उठलो.

त्यानंतर श्रीकांतचा फोन आला की मी घाबरायचे. मन वळलं का, विचारायचे. मी म्हणायचे, वळतंय. खोटं नव्हतं. अण्णा कपाटं आवरायला लागले होते. फक्त मिस ॲडेलाला सांगायचं कसं, हे त्यांना सुचत नव्हतं. रोज सांगेन म्हणून जायचे आणि त्याऐवजी गोष्टीतल्या गावात कुणाचं तरी लग्न लावून यायचे.

श्रीकांत आले ते दोन तिकिटं काढून. माझं मागाहून बघू म्हणाले. आल्या दिवशी दुपारी तीनला अण्णा सवयीने दारात उभे राहिले. मी भाकऱ्या बांधल्या.

"कुठे निघालात काका? पॅकिंग राहिलंय," श्रीकांत म्हणाले.

अण्णांनी माझ्याकडे पाहिलं. मी जन्मात श्रीकांतना उलट बोलले नव्हते. तेव्हाही बोलले नाही. एवढंच म्हटलं, "भाऊजी, तुम्हीही चला. गाडीने पाच मिनिटं लागतात."

"पाच मिनिटं, बरं का," ते म्हणाले आणि किल्ली घेतली.

सज्जात गेल्यावर ते बसले नाहीत. किल्ली बोटाभोवती फिरवत उभे राहिले. अण्णांनी ओळख करून दिली, "हा माझा पुतण्या." आणि पुढचं वाक्य, ज्यासाठी आम्ही आलो होतो, ते काही त्यांच्या तोंडून निघेना. श्रीकांत घड्याळ बघायला लागले.

मिस ॲडेला मात्र त्यांना न्याहाळत होती. "म्हणजे तू धाकट्या भावाचा मुलगा," ती म्हणाली. "मग ते देवळामागचं घर तुझंच. पाच पायऱ्यांचं. तिसरी पायरी फुटकी."

किल्ली थांबली. "काय?"

"फुटकी पायरी. तुझा बाप तिच्यावरून पडला होता. कपाळावर खूण होती. आता आहे का?"

श्रीकांतच्या वडिलांना जाऊन बरीच वर्षं झाली होती. श्रीकांतनी स्वतःच्या भुवईवर बोट ठेवलं. मग म्हणाले, "होती. इथे. भुवईच्या वर. मी लहानपणी विचारायचो तर ते सांगायचे, लढाईत लागलं."

म्हातारी खो खो हसली. "कसली लढाई! फणस चोरून पळत होता. तुझी आजी त्याच पायरीवर तांदूळ निवडत बसली होती, तिच्या सुपातच पडला."

श्रीकांतनी अण्णांकडे पाहिलं. अण्णांनी मान हलवली, खरं आहे अशी. त्या दोघांचं आपसात या विषयावर कधी बोलणं झालं असेल असं मला वाटत नाही. एकाला कुणी विचारलं नव्हतं, दुसऱ्याला विचारायचं असतं हे सुचलं नव्हतं.

"माझी आजी," श्रीकांत म्हणाले. पस्तिशीचा माणूस, पण आवाज एकदम शाळेतला झाला. "मी पाहिली नाही तिला. फोटोही नाही. ती दिसायची कशी?"

त्या दोन तिकिटांतलं अण्णांचं पुढे वाया गेलं आणि माझ्यासाठी तिसरं काढावंच लागलं नाही. पण त्या वेळी मला यातलं काही ठाऊक नव्हतं. मला एवढंच दिसलं, की मिस ॲडेलाने पायाने एक बुटकं स्टूल त्यांच्याकडे सरकवलं आणि ते त्यावर बसले.

"उंच," ती म्हणाली. "चालताना एक पाय जरा ओढायची. पोरांवर ओरडायला लागली की मध्येच तिला स्वतःलाच हसू यायचं..."

अण्णा उठले. मला खूण केली, म्हणून मी खांदा दिला. आम्ही शेळ्यांच्या कुंपणाशी गेलो. एका शेळीला त्यांनी उगाचच धरलं, तिचे दात पाहिले, कान पाहिला. तिला काही झालेलं नव्हतं. सज्जातून श्रीकांतचा आवाज येत होता, हळू, अडखळत, पुढचं विचारणारा. पाच मिनिटं कधीच होऊन गेली होती. मी म्हटलं, "अण्णा, भाऊजींना हाक मारू का? उशीर होईल."

"राहू दे," अण्णा शेळीच्या पाठीवर हात ठेवून म्हणाले. "विचारू दे त्याला."